रीबिल्ड तीनदा करूनही दस्त सापडत नाही : सर्च इंडेक्सच्या सेटिंग मूळ स्थितीत आणण्याविषयी

चोपडा तालुक्यातील एका दस्तलेखक बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कार्यालयातील संगणकावर विंडोज १० आहे. गेल्या बारा-तेरा वर्षांत टाइप केलेली खरेदीखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे आणि भाडेकरार डी ड्राइव्हवरील एकाच मोठ्या फोल्डरमध्ये आहेत. पूर्वी सर्चच्या चौकटीत पक्षकाराचे आडनाव किंवा दस्तातील एखादा शब्द टाकला की दस्त समोर येत असे. मागच्या महिन्यात संगणक मंद चालतो म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला. परत आल्यापासून फाइलच्या नावाने शोधले तर फाइल मिळते, पण बराच वेळ लागतो, आणि आतील मजकुराने शोधले तर काहीच मिळत नाही. ‘रीबिल्ड’चे बटण त्यांनी तीन वेळा दाबून पाहिले, उपयोग झाला नाही. आता त्यांचे म्हणणे असे की, सर्चच्या सगळ्या सेटिंग कंपनीकडून आल्या तशा करायच्या आहेत, तर त्या कशा कराव्यात.

मी जळगावात राहून अठरा वर्षे कार्यालयांचे संगणक सांभाळतो आहे. डाळ मिल, जिनिंग, सावदा-रावेरकडचे केळीचे व्यापारी आणि वकील मंडळी हे माझे नेहमीचे ग्राहक. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, आणि त्यामागची घालमेलही परिचयाची आहे. एका वयोवृद्ध ग्राहकांनी मला एकदा फोनवर सांगितले होते, ‘भाऊ, कागद आठेच शे, पन सापडत नही.’ कागद गेलेला नाही, तो इथेच आहे, आणि तरीही समोर बसलेल्या पक्षकाराला तो दाखवता येत नाही, ही अडचण वेळ आणि विश्वास दोन्ही खाणारी असते. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

सर्वप्रथम एक फरक स्पष्ट करतो, कारण आपले तीन वेळचे श्रम त्याच फरकामुळे वाया गेले असावेत. इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठी विंडोजने ठेवलेली फाइलची नोंदवही, पुन्हा बांधणे (‘रीबिल्ड’) ही एक गोष्ट आणि इंडेक्सच्या सेटिंग मूळ स्थितीत आणणे ही दुसरी गोष्ट. ‘रीबिल्ड’ दाबल्यावर विंडोज जुना इंडेक्स पुसते आणि नवा बांधायला घेते, परंतु कोणत्या फोल्डरमध्ये शिरायचे, कोणत्या प्रकारच्या फाइलचा फक्त नाव-गाव-तारखेपुरता विचार करायचा आणि कोणाचा मजकूरही वाचायचा, या सूचना आधी होत्या त्याच राहतात. सूचना चुकीच्या असतील तर शंभर वेळा रीबिल्ड केले तरी इंडेक्स तितक्याच निष्ठेने पुन्हा अपुराच बांधला जाईल.

आपण जमिनीच्या कागदांत वावरणारे आहात, म्हणून त्यातलाच दाखला देतो. सातबारा गटाप्रमाणे असतो आणि आठ-अ खातेदाराप्रमाणे. एखाद्या खातेदाराच्या जमिनी कोणकोणत्या गटात आहेत हे पाहायचे असेल तर आपण गावातील प्रत्येक गटाचा सातबारा उघडत बसत नाही, आठ-अ काढतो आणि तिथून गट क्रमांक मिळवतो. संगणकातील इंडेक्स नेमके हेच काम करतो. तो प्रत्येक शब्दासमोर ‘हा शब्द या या फाइलमध्ये आहे’ अशी नोंद ठेवतो. आता समजा, आठ-अ तयार करताना शिवारातील निम्मे गट यादीतच धरले नाहीत, तर तो आठ-अ कितीही वेळा नव्याने लिहून काढला तरी त्या गटांची नोंद त्यात येणार नाही. आपल्या डी ड्राइव्हचे बहुधा हेच झाले आहे.

हे मी कशावरून म्हणतो, तर आपल्या प्रश्नातील ‘बराच वेळ लागतो’ या शब्दांवरून. जे फोल्डर इंडेक्समध्ये आहे, तिथला निकाल टाइप करता करताच येऊ लागतो. जे फोल्डर इंडेक्सच्या बाहेर आहे, तिथे विंडोज एकेक उपफोल्डर उघडून प्रत्यक्ष पाहत जाते, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तिथे ते फक्त फाइलची नावे पाहते, मजकूर पाहत नाही. नावाने फाइल मिळते पण उशिरा, मजकुराने मिळतच नाही, ही दोन्ही लक्षणे एकत्र आली की फोल्डर इंडेक्सच्या यादीतून बाहेर पडले आहे असे मी प्रथम धरतो. नाव झटकन मिळाले असते आणि फक्त मजकूर मिळाला नसता, तर माझा संशय दुसरीकडे गेला असता. त्याविषयी पुढे सांगतो. इंडेक्सची सेवाच, म्हणजे ते काम पडद्यामागे करणारा विंडोजचा प्रोग्रामच, बंद करून ठेवली असेल ही शक्यता मी इथे बाजूला ठेवतो, कारण सेवा बंद असती तर तीन वेळा रीबिल्ड पूर्ण झालेच नसते.

दुरुस्ती करणाऱ्याने हे मुद्दाम बिघडवले असे समजू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या संगणकावर इंडेक्सिंग चालू असताना डिस्क पूर्ण वेळ व्यग्र दिसते, आणि संगणक हलका करण्याचा झटपट उपाय म्हणून पुष्कळ जण इंडेक्समधून मोठी ड्राइव्ह काढून टाकतात. त्यांच्या दृष्टीने संगणक वेगवान झाला. त्या वेगाची किंमत ग्राहकाला सांगायला हवी होती, एवढाच माझा आक्षेप आहे.

काहीही बदलण्यापूर्वी आधी पाहून घ्या. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडा. वरच्या बाजूला किती नोंदी इंडेक्स झाल्या तो आकडा आणि ‘इंडेक्सिंग कम्प्लीट’ किंवा तत्सम वाक्य दिसेल. खाली ‘इन्क्लुडेड लोकेशन्स’ची यादी असेल. आपल्या दस्तांच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये एकूण फाइल किती ते पाहा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. फोल्डरमध्ये अठरा हजार फाइल आणि इंडेक्समध्ये साडेतीन हजार नोंदी असतील, तर आणखी पुराव्याची गरज नाही. यादीत डी ड्राइव्ह किंवा ते फोल्डर दिसत नसेल तर निदान पक्के झाले.

इथे मी आपल्याला क्षणभर थांबवतो, कारण आपण मागितलेली गोष्ट आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट यांत अंतर आहे. आपण मूळ सेटिंग मागत आहात. पण मूळ सेटिंगमध्ये डी ड्राइव्ह नसतेच. विंडोजच्या मूळ यादीत मुख्यतः सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ फोल्डर असते (त्यातील ‘ॲपडेटा’ वगळून), स्टार्ट मेनू असतो, आणि आउटलुक वापरत असाल तर त्यातील पत्रे असतात. आपल्याकडे मात्र संगणक घेतला की विक्रेता सी आणि डी असे दोन भाग पाडून देतो आणि ‘कामाचे काहीही सीवर ठेवू नका, विंडोज पुन्हा टाकावे लागले तर जाईल’ असे बजावतो. सल्ला चुकीचा नाही. पण त्यामुळे खानदेशातील बहुतेक कार्यालयांचे खरे दप्तर डीवर असते, आणि विंडोजचा मूळ इंडेक्स त्या दप्तराकडे पाहतच नाही. आपला सर्च पूर्वी चालत होता याचा अर्थ कोणीतरी, कधीतरी, डीवरचे फोल्डर यादीत घातले होते.

ही गोष्ट मी स्वतः ठेच लागून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात भुसावळच्या एका वकिलांचा इंडेक्स अडकून बसला होता. मी तो मूळ स्थितीत आणला, आकडा वाढताना पाहिला, सी ड्राइव्हवरील दोन-तीन फाइल शोधून दाखवल्या आणि समाधानाने परतलो. दुसऱ्या दिवशी सुनावणीच्या आधी त्यांना जुना लेखी युक्तिवाद हवा होता, आणि तो ज्या डी ड्राइव्हवर होता ती मीच केलेल्या रीसेटमुळे यादीतून गेली होती. त्यांनी मला शब्दानेही दुखावले नाही, पण त्या दिवसापासून रीसेट करण्यापूर्वी जुन्या यादीचे मोबाइलवर छायाचित्र घेतल्याशिवाय मी पुढचे बटण दाबत नाही. आपणही तसेच करा. ‘इन्क्लुडेड लोकेशन्स’ची यादी, त्यातील ‘एक्स्क्लूड’चा रकाना आणि ‘ॲडव्हान्स्ड’मधील दोन्ही टॅब, अशी चार छायाचित्रे पुरतात.

म्हणून माझा सल्ला दोन पायऱ्यांचा आहे. केवळ फोल्डर यादीतून गेले आहे आणि बाकी सगळे ठीक दिसते, तर रीसेट करूच नका. ‘मॉडिफाय’ दाबा, डी ड्राइव्हच्या समोरील बाण उघडा, दस्तांच्या फोल्डरसमोर खूण करा आणि ‘ओके’ करा. संपूर्ण डी ड्राइव्हवर खूण करण्याचा मोह टाळा. डीवर लग्नाची छायाचित्रे, चित्रपट, जुन्या संगणकाच्या बॅकअपच्या प्रती असे बरेच काही असते, आणि त्या सगळ्याची नोंद ठेवण्यात इंडेक्स विनाकारण फुगतो. सर्वसाधारण वापरात इंडेक्सच्या नोंदी तीस हजारांच्या आत असतात. ४ लाखांच्या पुढे गेल्यावर काम मंदावू लागते आणि १० लाख नोंदी ही मायक्रोसॉफ्टने सांगितलेली वरची मर्यादा आहे. दस्तलेखकाच्या कामाला इतक्या नोंदींची गरज कधीच पडत नाही.

पण यादी पाहताना आणखीही गोष्टी बदललेल्या दिसल्या, फाइल टाइपच्या खुणा इकडच्या तिकडे झालेल्या दिसल्या, नोंदींचा आकडा तासन्‌तास एकाच जागी अडकला, किंवा काय काय बदलले आहे याचा अंदाजच येईना, तर मात्र आपण म्हणता ते योग्य आहे. पाटी कोरी करून पुन्हा सुरुवात करावी. त्याची रीत आता सांगतो.

आधी दस्तांच्या फोल्डरची एक प्रत बाहेरील डिस्कवर घ्या. रीसेटमुळे फाइलला धक्का लागत नाही, इंडेक्स ही फक्त नोंदवही आहे. पण हात रजिस्ट्रीला (दस्तनोंदणी नव्हे, विंडोजच्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात ते कोठार) लागणार आहेत, आणि रजिस्ट्रीला हात लावताना बॅकअपविना काम करायचे नाही हा नियम मी स्वतःसाठी कधीही शिथिल करत नाही. त्यानंतर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ची खिडकी बंद करा. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ असे इंग्रजीत टाइप करा, यादीत खाली ‘विंडोज सर्च’ ही सेवा शोधा, तिच्यावर दोनदा क्लिक करा. तिचा ‘स्टार्टअप टाइप’ मूळ स्थितीत ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ असतो. तो तात्पुरता ‘डिसेबल्ड’ करा आणि मग ‘स्टॉप’ दाबा. नुसते ‘स्टॉप’ दाबून पुढे गेल्यास दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीच्या मागणीवरून सेवा मध्येच पुन्हा जागी होण्याची शक्यता राहते, म्हणून ही खबरदारी.

आता ‘रेजएडिट’ हे रजिस्ट्री पाहण्याचे व बदलण्याचे साधन उघडा. ‘एचकी लोकल मशीन’, त्यात ‘सॉफ्टवेअर’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्यात ‘विंडोज सर्च’ असे क्रमाने आत जा. ‘सर्च’ एवढेच नाव असलेली एक वेगळी किल्ली (रजिस्ट्रीतील कप्प्याला किल्ली म्हणतात) ‘करंट व्हर्जन’च्या आत असते, ती ही नव्हे, एवढे नीट पाहून घ्या. ‘विंडोज सर्च’ या किल्लीवर उजवे बटण दाबून ‘एक्सपोर्ट’ करा आणि ती फाइल जपून ठेवा. उजव्या बाजूच्या रकान्यात ‘सेटअप कम्प्लीटेड सक्सेसफुली’ अशी, तिन्ही शब्द जोडून लिहिलेली नोंद दिसेल. तिची किंमत १ असेल. ती शून्य करा. याचा अर्थ असा की, सर्चची प्राथमिक मांडणी पूर्ण झाली आहे ही खूण आपण पुसली. पुढच्या वेळी सेवा सुरू होताना तिला ती खूण दिसणार नाही, म्हणून ती मांडणी पहिल्यापासून करील, मूळ यादी लावील आणि इंडेक्स शून्यापासून बांधू लागेल. ही नोंद बदलू दिली गेली नाही, तर प्रशासकाच्या खात्याने प्रवेश केला आहे का ते तपासा. इंटरनेटवर दाखवतात तशी किल्लीची मालकी स्वतःकडे खेचून घेण्याच्या भानगडीत पडू नका, कारण त्यातून निर्माण होणारे बिघाड या बिघाडापेक्षा अवघड असतात.

इंडेक्सची प्रत्यक्ष फाइल सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘सर्च’, ‘डेटा’, ‘ॲप्लिकेशन्स’ आणि ‘विंडोज’ अशा वाटेने आत गेल्यावर सापडते. विंडोज १० मध्ये तिचे नाव ‘विंडोज डॉट ईडीबी’ असते, विंडोज ११ मध्ये ‘विंडोज डॉट डीबी’. प्रत्येक वेळी तिला हात लावण्याची आवश्यकता नाही. ती अवाच्या सवा फुगलेली असेल, म्हणजे दस्तांच्या एकूण आकाराच्या एक दशांशाहून कितीतरी मोठी असेल, किंवा वीज जाऊन मध्येच तुटल्यामुळे इंडेक्सिंग एकाच आकड्यावर अडकत असेल, तर सेवा बंद असतानाच मी तिचे नाव बदलतो. पुसत नाही, नाव बदलतो. सगळे सुरळीत झाल्यावर आठवड्याने ती जुनी फाइल काढून टाकावी.

नंतर सेवेचा ‘स्टार्टअप टाइप’ पुन्हा ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करा आणि संगणक रीस्टार्ट करा. ‘डिलेड’ या शब्दाप्रमाणे सेवा लगेच नव्हे, थोड्या वेळाने सुरू होते. घाईने पुन्हा काही दाबू नका. पाच-दहा मिनिटांनी रजिस्ट्रीतील तीच नोंद पाहिली आणि तिची किंमत आपोआप १ झालेली दिसली, की मांडणी नव्याने झाली असे समजावे. मग ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून यादी मूळ स्वरूपात आली आहे का ते पाहा आणि त्याच बैठकीत दस्तांचे फोल्डर यादीत घाला. हे उद्यावर ढकलू नका.

‘ॲडव्हान्स्ड’मध्ये गेल्यावर सांकेतिक केलेल्या फाइल इंडेक्स करण्याची आणि स्वरचिन्हांवरून शब्द वेगळे मानण्याची अशा दोन खुणा दिसतात, मूळ स्थितीत दोन्ही रिकाम्या असतात, त्या तशाच राहू द्या. ‘फाइल टाइप्स’च्या टॅबमध्ये मात्र मी नेहमी प्रत्यक्ष नजर फिरवतो. ‘डॉक’, ‘डॉकएक्स’ आणि ‘पीडीएफ’ या तिन्हींसमोर ‘प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स’ निवडलेले हवे. तिथे ‘प्रॉपर्टीज ओन्ली’ असेल तर मजकुराने शोध कधीही लागणार नाही. सर्चच्या सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ आणि ‘एनहान्स्ड’ असे दोन प्रकारही दिसतील. ‘एनहान्स्ड’ सगळा संगणक धुंडाळतो, आणि ते २०१९च्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये आले. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, असलेल्या संगणकावर त्याला माझी हरकत नाही. फिरत्या डिस्कवर ‘क्लासिक’ ठेवून एकच फोल्डर जोडणे हेच मी पसंत करतो, नाहीतर संगणक मंद झाला म्हणून तो पुन्हा दुरुस्तीला जाईल आणि हा सारा खेळ नव्याने सुरू होईल.

रीसेट काय करत नाही, हे रीसेट काय करतो यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच कुठे सांगितलेले आढळत नाही. डी ड्राइव्हवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. अगदी तळाशी, या ड्राइव्हवरील फाइलचा मजकूरही इंडेक्स करू द्यावा अशा अर्थाच्या ओळीसमोर एक चौकट असते. संगणक ‘हलका’ करणारे लोक ही खूण हमखास काढतात. ती काढली की तसे चिन्ह प्रत्येक फाइलवर उमटते, आणि ते इंडेक्सच्या सेटिंगमध्ये नसून त्या फाइलसोबत डिस्कवरच राहते. म्हणून इंडेक्स कितीही मूळ स्थितीत आणला तरी ते जात नाही. नाव झटकन सापडते आणि मजकूर सापडत नाही, असे लक्षण दिसले की माझा संशय जातो तो इथे. उपाय सोपा आहे: खूण पुन्हा करा, ‘ॲप्लाय’ दाबल्यावर विचारणा होईल तेव्हा सर्व उपफोल्डर आणि फाइलना लागू करण्याचा पर्याय निवडा, आणि एखाद्या यंत्रणेच्या फाइलबाबत नकार आला तर ‘इग्नोर’ म्हणून पुढे जा. फाइल जास्त असतील तर याला काही मिनिटे लागतात. संगणक एखाद्या संस्थेच्या जाळ्यात असेल आणि तिथल्या धोरणाने इंडेक्सिंग बांधून ठेवले असेल, तर तेही रीसेटने सुटत नाही. आपल्या स्वतंत्र कार्यालयात हा प्रश्न येऊ नये.

आता मराठी दप्तराचा खास प्रश्न, जो मला आपल्या बाबतीत सर्वात जास्त महत्त्वाचा वाटतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीचे दस्त आपण कोणत्या फाँटमध्ये टाइप केले होते? कृतिदेव किंवा त्या घराण्यातील फाँट असेल, तर पडद्यावर आपल्याला मराठी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरेच साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठी बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे असतात; फाँट फक्त त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. इंडेक्स वाचतो तो पोशाख नव्हे, आतील अक्षरे वाचतो. आपण सर्चच्या चौकटीत युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, ‘मराठी’ लिहिले, तर त्याच्या दृष्टीने हे दोन शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. खात्री करायची असेल तर एखादा २०१३चा दस्त उघडा, सगळा मजकूर निवडा आणि फाँट बदलून एरियल करा. रोमन अक्षरांचा गुंता दिसला, तर तो दस्त मराठी शब्दाने कधीच सापडणार नव्हता, पूर्वीही नाही आणि रीसेटनंतरही नाही. मराठी तशीच राहिली, तर तो युनिकोड आहे.

यावर कोणी सुचवते की मग तीच रोमन अक्षरे सर्चमध्ये टाइप करावीत. काही शब्दांसाठी ते चालते. पण कृतिदेवमध्ये कित्येक अक्षरांसाठी कंस, तिरकी रेघ आणि अवतरणचिन्हे वापरलेली आहेत. ‘खानदेश’ या शब्दात ‘ख’साठी चौकोनी कंस आणि ‘श’साठी एकेरी अवतरणचिन्ह येते. इंडेक्स अशा चिन्हांपाशी शब्द तोडतो, आणि शब्दाचे तुकडे होतात. म्हणून या युक्तीवर कामकाज उभे करू नये.

जुन्या दस्तांचे रूपांतर युनिकोडमध्ये करणारी साधने आहेत, परंतु त्यांच्याकडून जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, आणि दस्तातील नाव किंवा गट क्रमांक चुकणे किती महागात पडते हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणून मूळ फाइल कधीही बदलू नका. रूपांतर केलेच तर वेगळ्या प्रतीत करा आणि ती प्रत केवळ शोधण्यापुरती वापरा. त्याहूनही सोपा मार्ग मी तीन-चार दस्तलेखकांच्या कार्यालयांत राबवला आहे. फाइलचे नावच युनिकोड मराठीत ठेवायचे: वर्ष, दस्ताचा प्रकार, देणार, घेणार, गाव, गट क्रमांक. ‘२०१४ खरेदीखत पाटील महाजन अडावद’ असे नाव असले की आतील फाँट कोणताही असो, दस्त नावाने सापडतो, आणि फोल्डर इंडेक्समध्ये असल्यामुळे झटकन सापडतो. नावे बदलण्याचे काम कंटाळवाणे आहे, हे खरे. रोज पंचवीस फाइल घेतल्या तर वर्षभरात साडेसात हजारांच्या आसपास होतात, आणि पक्षकार सहसा ज्यांची मागणी करतात ते दस्त आधी घेतले तर दोन महिन्यांतच फरक जाणवतो.

युनिकोडमध्येही एक बारीक अडचण आहे, ती जाता जाता सांगतो. ‘ॲड.’ हा वकिलांच्या नावामागचा शब्द दोन रीतींनी साठवला जातो: कधी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर असते, तर कधी ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे असतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, इंडेक्सला ते वेगळे वाटू शकतात. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्य’चेही तसेच आहे. एका रीतीने सापडले नाही तर अशा अक्षराविना असलेला दुसरा शब्द घेऊन शोधावे. स्कॅन केलेल्या पीडीएफबाबत तर स्पष्टच सांगतो, ते कागदाचे छायाचित्र आहे, त्यात इंडेक्सने वाचावा असा मजकूरच नसतो. तिथेही फाइलचे नाव हाच आधार.

वेळेविषयी. पंधरा-वीस हजार दस्तांचा इंडेक्स जुन्या डिस्कवर बांधायला कित्येक तास लागतात, आणि आपण कीबोर्डवर काम करत असताना विंडोज मुद्दाम वेग कमी करते, म्हणून दिवसा तो रेंगाळतो. रात्री कार्यालय बंद करताना संगणक चालू ठेवावा, ‘स्लीप’ बंद करावे, फक्त मॉनिटर बंद करावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखालचे कार्यालय दुपारी भट्टीसारखे तापते. अशा दिवसांत पंख्यात धूळ साचलेल्या संगणकाला दुपारी हे काम देऊ नका. विजेचा भरवसा नसेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासा. बांधणी चालू असताना वीज गेली तर बहुतेक वेळा विंडोज सावरून घेते, पण वारंवार गेली तर इंडेक्सची फाइल बिघडते, आणि मग वर सांगितलेले नाव बदलण्याचे काम पुन्हा करावे लागते. आणखी एक, विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नोंदणीच्या कामासाठी हा संगणक इंटरनेटला जोडलेला असतो, तेव्हा विंडोज ११ किंवा नवा संगणक यांचा विचार लवकर करावा, आणि तसे होणार असेल तर सगळे श्रम इंडेक्सवर न घालता फाइलच्या नावांवर घालावेत, कारण इंडेक्स नव्या संगणकावर पुन्हा बांधला जाईल, नावे मात्र फाइलसोबत जातील.

सकाळी आल्यावर तपासणी अशी करा. २०२०नंतरचा, युनिकोडमध्ये टाइप केलेला एखादा दस्त निवडा. त्याच्या शेवटच्या पानावरील साक्षीदाराचे, सहसा न आढळणारे आडनाव घ्या आणि दस्तांच्या फोल्डरमध्ये उभे राहून ते शोधा. पहिल्या पानावरील शब्द घेऊ नका, कारण तो फाइलच्या नावातही असतो आणि मग मजकूर वाचला गेला की नाव जुळले हे कळत नाही. आडनाव मिळाले तर काम झाले. मिळाले नाही, तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधील आकडा, त्याखालील वाक्य आणि फोल्डरमधील फाइलची एकूण संख्या, या तीन गोष्टी मला जशाच्या तशा कळवा, पुढे काय करायचे ते त्यावरून सांगतो.